मदत हवी आहे: मुलांच्या आयसीयूत रात्रीचा उजेड आणि आवाज कमी कसा करावा?

मी लहान मुलांच्या आयसीयूत स्टाफ नर्स आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये वॉर्डात रात्री सरासरी ३० डेसिबलची मर्यादा सुचवली. आमच्याकडे मॉनिटरचे अलार्म, सक्शन (कफ ओढून काढणारं यंत्र), स्टीलच्या ट्रेचा खणखणाट रात्रभर चालूच. सगळ्या ट्यूबलाइट एकाच बटणावर, त्यामुळे एका बाळाची शीर शोधायची तर सगळ्यांच्याच डोळ्यांवर उजेड. नुकताच डोळा लागलेलं पोर दचकून उठतं, व्हेंटिलेटरशी झगडतं. बघवत नाही हो.

कुणाच्या युनिटमध्ये रात्रीची शांत वेळ पाळतात का? अलार्म कोणत्या आकड्याला वाजावा, ती मर्यादा प्रत्येक मुलाप्रमाणे ठरवायला डॉक्टरांना कसं तयार केलंत? आणि बेडपुरता दिवा कोणता घेतलात? त्या उजेडात ओठांचा निळेपणा ओळखू येतो का, हे नक्की सांगा.