प्रतिसाद: माउंट मिचेलला वेळ काढून जा

वर कुणीतरी लिहिलंय की अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या माउंट मिचेलवर फोटो काढण्यापलीकडे काही नाही. मला हे अजिबात पटत नाही. मिसिसिपी नदीच्या पूर्वेचं हे सर्वोच्च शिखर, ६,६८४ फूट. माथ्यावरच्या सज्जाशेजारीच प्रा. एलिशा मिचेल यांची कबर आहे, तिथे नक्की थांबा. शिखराच्या उंचीवरून त्यांचा राजकारणी थॉमस क्लिंगमन यांच्याशी वाद पेटला होता. पुन्हा मोजमाप करायला ते १८५७ साली डोंगरात गेले आणि धबधब्याजवळ पडून मरण पावले. बेसुमार लाकूडतोडीपासून वाचवण्यासाठी १९१५ मध्ये हे नॉर्थ कॅरोलायनाचं पहिलं स्टेट पार्क झालं. वाळलेली फ्रेझर फरची (एक सूचिपर्णी वृक्ष) झाडं दिसली की फार वाईट वाटतं. परदेशातून आलेल्या एका रस शोषणाऱ्या किडीने ती मारली आहेत. जॅकेट मात्र उन्हाळ्यातही हवंच.