एकट्याला न उचलवणारी कयाक सगळ्यांच्या उतारावर आणावी का?

गळ_आणि_गोदा

विषय लहान आहे, पण आठवडाभर डोक्यातून जाईना म्हणून लिहितोय.

माझ्याकडं पायानं चालवायची, पेडलवाली मासेमारीची कयाक, म्हणजे एकट्याची छोटी होडी आहे. रिकामी 42 किलो. खुर्ची, पेडल, गळाचा डबा, बॅटरी, पाण्याची कॅन धरली की 55 च्या पुढं. मागच्या रविवारी ती टपावर बांधून संभाजीनगरहून पहाटे निघालो आणि एका तलावावर गेलो. नाव मुद्दाम देत नाही. तिथं पाण्यापर्यंत जायला एकच उतार. मासेमारांची वाट तीच, म्हशींची तीच, पोळ्याला बैल धुवायलाही तीच.

सकाळी जाताना काही वाटलं नाही, कयाकखाली लावायचा चाकांचा गाडा उताराला आपोआप पळतो. नऊच्या सुमारास परत आलो आणि तिथं फजिती झाली. गाड्याच्या एका चाकात वेड्या बाभळीचा काटा, हवा गुल. कयाक ओढून बघितली तर हलेना. सकाळी 55 किलो होती ती आता शंभराची वाटत होती. मग मी काय केलं, तर भर उतारावर सगळा बाजार मांडला. खुर्ची इकडं, डबा तिकडं, बॅटरी दगडावर. पंचवीस मिनिटं. माझ्यामागं तीन जण थर्माकोलच्या तराफ्यांवर मासळी घेऊन पाण्यातच थांबलेले आणि वर व्यापाऱ्याचा टेम्पो, त्यातल्या बर्फाचं पाणी खाली गळतंय.

शेवटी त्यातलेच दोघं आले. एकानं टोक उचललं, हलवलं आणि म्हणाला, "साहेब, ह्याच्या पोटात पाणी हाय." मागचं बूच काढलं तर धार थांबायचं नाव घेईना. घरी येऊन पाहिलं, तर गाड्याच्या दांड्या ज्या भोकांत खोवतो त्यातल्या एकाला बारीक चीर. महिनोन्‌महिने भरलेली कयाक त्या दोन भोकांवर तोलून खडकाळ वाटेनं नेली, त्याचं फळ. एक लिटर म्हणजे एक किलो, वीस-पंचवीस लिटर तरी असेल.

तेव्हापासून माझं मत असं झालंय: जी कयाक एकट्याला किंवा सोबतच्या माणसाला घेऊन पाच मिनिटांत उतारावरून बाजूला करता येत नाही, ती तिथं आणूच नये. पाणी सगळ्यांचं असलं तरी उतार एकच आहे. तुम्हाला काय वाटतं?

पेडलप्रेमी_बीड

अजिबात पटलं नाही. तुमचा गाडा फुटला, बूच तपासलं नाही, ह्यात कयाकच्या वजनाचा काय दोष?

जड कयाक हौस म्हणून कुणी घेत नाही. ती रुंद असते म्हणून जड असते आणि रुंद असते म्हणून तिच्यावर उभं राहून गळ फेकता येतो. अठरा-वीस किलोची अरुंद घ्या आणि एप्रिलच्या दुपारी वारं सुटल्यावर मोठ्या जलाशयात जाऊन दाखवा. माझं वय 52, एक गुडघा कामातून गेलाय. वल्हं मारून खांदे भरून येतात, पेडल चालतं. मग मी घरी बसायचं का?

मुद्दा असा की सार्वजनिक पाण्याला धड रस्ता पाहिजे. सिमेंटचा एक रॅम्प करा. मासेमारांनाही सोय, आम्हालाही सोय. आपण मागतच नाही, म्हणून मिळत नाही.

कहारवाडा

आमचं नाव घेऊन रॅम्प मागू नका मालक. आमचं थर्माकोल एका हातानं खांद्यावर जातंय. आमाला रॅम्प कामून पाहिजे?

तलावाचा ठेका आमच्या मासेमारांच्या सोसायटीचा आहे. बोटुकली, म्हंजे माशांची पिल्लं, आमी सोडतो, राखण आमी करतो, पाणी आटलं तर तोटा पण आमचाच. तुमी गळ टाकता त्याचं वाईट न्हाई वाटत. दोन-चार मासे नेल्यानं काई बिघडत न्हाई. पण सकाळचं सात ते नऊ ही आमची मासळी काढायची वेळ हाय. त्याच टायमाला तुमची गाडी उतारावर आडवी लावता, दरवाजे उघडे, गाणी चालू आणि पट्टे सोडत बसता. बर्फातला मासा आणि उन्हातला मासा, भावात लई फरक पडतो.

आणि अजून एक. तुमच्या पेडलच्या खाली ती जी पाती असतात, ती जाळ्यात गुतली की तुमी चाकू काढता. जाळं कुणाचं?

बांधकामातला_माणूस

रॅम्पचं गणित मांडतो, मग भांडा.

होडी उतरवायच्या रॅम्पचा उतार साधारण 12 ते 15 टक्के धरतात. त्याहून सपाट केला तर लांबी परवडत नाही, उभा केला तर शेवाळावरून माणूस घसरतो. आता नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय घ्या. 1522 फुटांना तो पूर्ण भरतो आणि मृतसाठ्याला (दारांच्या खाली उरणाऱ्या पाण्याला) टेकेपर्यंत पाणी 8 मीटरच्या आसपास खाली जातं. 12.5 टक्क्यांनी 8 मीटर उतरायला 64 मीटरचा रॅम्प लागला. हे काठ तेवढा उभा असेल तर. आपल्याकडचे बहुतेक काठ ताटासारखे. पन्नासाला एक असा उतार धरला तर तेच पाणी 400 मीटर मागं सरकतं. म्हणजे दसऱ्याला पाण्यात असलेला रॅम्प मे महिन्यात शेताच्या मधोमध उभा. शेळ्या बसतील त्यावर.

जाता जाता, काही जण धरणाच्या भिंतीवर रचलेल्या दगडांवरून, पिचिंगवरून कयाक घसरत नेतात, ते बंद करा. ते दगड लाटांचा मारा झेलायला लावलेले असतात. एक निसटला की शेजारचे सैल होतात. शिवाय भिंतीवर असं काही करायला परवानगी नसते, हे वेगळं सांगायला नको.

लातूरचा_रिकामा

तुमचं बरंय, पाणी किती मागं सरकतं ह्यावर भांडताय. 2016 ला आम्हाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. तेव्हा आमच्याकडं कयाक उतरवायची म्हणजे सायकलवर नेली असती तरी चाललं असतं, पाणीच नव्हतं.

पेडलप्रेमी_बीड

बांधकामवाले साहेब, गणित कबूल. मग सिमेंट नको, मुरूम टाका, दरवर्षी पाण्यामागं पुढं सरकवा. अशक्य काय आहे?

आणि कहारवाडा भाऊ, जाळं कापणाऱ्याचं समर्थन मी करत नाही. मी तरी कापलेलं नाही. एकदा अडकलो तेव्हा पेडलच वर काढलं आणि वल्ह्यानं मागं आलो. पण चार माणसं चुकली म्हणून सगळ्यांना वजनाची अट लावायची, हे म्हणजे ट्रॅक्टरनं धडक दिली म्हणून बैलगाड्या बंद करण्यासारखं झालं.

पाणपक्षी

मुरूम टाकायचा तो कुठून टाकणार? पाणी उतरलं की जी काळी जमीन उघडी पडते तिच्यावर गाळपेर होते. हरभरा, गहू, टरबूज. बुडितात जमिनी गेलेल्या घरांपैकी कित्येकांचं त्यावर चालतं. मागच्या हिवाळ्यात मी स्वतः पाहिलंय, दोन गाड्या पाण्याच्या जवळ जायला म्हणून हरभऱ्यातून गेल्या. ओल्या काळ्या मातीत एक गाडी रुतली, ती काढायला ट्रॅक्टर आला, म्हणजे आणखी दोन चाकोऱ्या. शेतकऱ्यानं शिव्या दिल्या तर व्हिडिओ काढला.

नाथसागर 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उथळ पाण्याच्या कडेलाच चक्रवाक, पट्टकादंब बसतात. तिथं घुसायच्या आधी वनविभागाला विचारावं लागतं. कयाकचा आवाज नसतो, हे मान्य. पाण्यात तुमच्यामुळं कमी त्रास होतो. काठावर जास्त होतो आणि तो वजनामुळंच. हलकी असती तर गाडी वर सडकेला लावून आला असतात.

माजलगावची_सून

सगळे पुरुष कयाकचं वजन सांगतायत, सामानाचं कुणीच सांगत नाही. आमच्या ह्यांची 38 किलोची आहे. एकदा मी ती भरलेली वजनकाट्यावर ठेवायला लावली, शेजारच्या भुसार दुकानात. 71! त्यात इन्व्हर्टरची जुनी बॅटरी होती, मासे शोधायच्या त्या टीव्हीसाठी. मोठी इन्व्हर्टरची बॅटरी पन्नासच्या घरात जाते, ही त्यातल्या त्यात लहान. ती काढून दोन-अडीच किलोची स्कूटरसारखी लावली, टीव्ही तसाच चालतो.

दुसरं, टपावर चढवताना दोघांनी मिळून एकदम उचलू नका. ह्यांची कंबर त्यातच गेली. मागच्या काचेवर जुनी गोधडी टाका, पुढचं टोक आधी मागच्या कॅरिअरवर टेकवा, मग मागं जाऊन ढकला. एका वेळी निम्मंच वजन हातावर येतं. मी एकटी चढवते. आणि रॅचेटचा पट्टा दात ओठ खाऊन आवळू नका. आपल्या उन्हात प्लास्टिक मऊ पडतं आणि बुडाला खळगे येतात. साधा बकलचा पट्टा, हातानं ओढून बसेल तेवढाच. पुढून-मागून एकेक दोरी मात्र हवीच.

रॅम्प हवा की नको ते तुम्ही ठरवा.

लातूरचा_रिकामा

वहिनींनी दोन परिच्छेदांत काम संपवलं.

एक भर घालतो. टपाबाहेर किंवा छोट्या हत्तीच्या मागं कयाक लोंबत नेणाऱ्यांनी मोटार वाहन कायद्याची 2019 ची दुरुस्ती बघून ठेवा. गाडीच्या बाहेर मर्यादेपेक्षा माल आला तर दंड 20,000. लाल फडकं बांधलं की सुटलो, असं नाही.

पेडलप्रेमी_बीड

वहिनी, बॅटरीचं ऐकतो. माझीही तीच चूक आहे.

पण मूळ मुद्दा सोडत नाही. पाच मिनिटांची अट गळ_आणि_गोदा ह्यांनी स्वतःच्या लाजेपोटी काढली आहे. उद्या कुणी म्हणेल दोन मिनिटं, परवा म्हणेल फक्त फुगवायची कयाक आणा. फुगवायची 15-18 किलोत बसते, खरंय. आमच्या बाभळीच्या काठावर ती किती दिवस टिकते ते विकणाऱ्याला विचारा.

गळ_आणि_गोदा

लाजेपोटी काढली, हे खरंय. नाकारत नाही. पाण्यात मासळी धरून उभी असलेली माणसं मला एक वाकडा शब्द बोलली नाहीत, तेच जास्त लागलं.

तरी अट वजनाची नाही, वेळेची आहे. तुमची 60 किलोची असू द्या. वर सडकेच्या कडेला सगळं बांधून, बूच लावून, मग खाली या. परत आल्यावर आधी कयाक उताराच्या बाजूला ओढा, सामान मग काढा. गाडा टोकाला न लावता मधल्या तोलाच्या जागी लावा म्हणजे वजन चाकांवर जातं, हातावर येत नाही. दांड्यांचा गाडा मी विकून टाकला, आता पट्ट्यानं बुडाखाली बांधायचा घेतलाय. चाकांत हवाच नको म्हणून भरीव घेणार होतो, पण भरीव बारीक चाक काळ्या चिखलात सुरीसारखं शिरतं. रुंद फुगीर चाकच बरं, काट्याचं बघून घेऊ.

गुडघ्याचं म्हणाल तर तुम्ही एकटे येऊ नका, इतकंच माझं म्हणणं.

पेडलप्रेमी_बीड

सोबत यायला माणूस रविवारी पहाटे चारला उठला पाहिजे ना. तुम्ही उठणार?

कहारवाडा

चारला कशाला उठता? नऊनंतर या. मासळी गेली की उतार मोकळाच असतो, म्हशी अकराला येतात. मधी दोन तास तुमचेच. जाळी कुठं लावल्यात ते पण सांगतो, पांढऱ्या डब्यांच्या आत जाऊ नका म्हंजे झालं.

पण नऊला ऊन चढतं आणि मासा खाली जातो, मग गळाला काई लागलं न्हाई म्हणून आमाला बोलू नका.

गळ_आणि_गोदा

येत्या रविवारी नऊला. पंक्चरचं सामान मी आणतो. बीडकर, तुम्ही बॅटरी बदलून या.