शुद्धीवरच्या कोविड पेशंटला पालथं झोपवलं तरी सॅच्युरेशन टिकत नाही

प्रश्न – रात्रपाळी
रिझर्व्हॉयर मास्कवर (ऑक्सिजन साठवणारी पिशवी लावलेला मास्क) मिनिटाला १२ लिटर ऑक्सिजन चालू असलेले, शुद्धीवरचे पेशंट आहेत. पालथं केलं की सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) ९० वरून ९५ ला जातं, पण अर्ध्या तासात मान-खांदा दुखतो म्हणून ते उताणे होतात. काहींचं तर पालथं केल्यावर उलट उतरतं. डॉक्टरांना बोलावण्याआधी काय बघायचं? आणि एका वेळी किती वेळ ठेवायचं?

आयसीयू_सिस्टर
उतरलं की आधी मास्क बघा. पालथं झाल्यावर रिझर्व्हॉयरची पिशवी छातीखाली किंवा गालाखाली दबते, नळीला पीळ बसतो. श्वास घेताना पिशवी पूर्ण चपटी होता कामा नये. होत असेल तर फ्लो १५ लिटरपर्यंत वाढवा. मग प्रोब, म्हणजे सॅच्युरेशन मोजणारा बोटावरचा चिमटा: बोट गार आहे का, नखाला रंग आहे का, हात अंगाखाली अडकलाय का. मॉनिटरवर लाट नीट उमटत नसेल तर आकड्यावर विसंबू नका.

हे सगळं ठीक असूनही १५ मिनिटांत सुधारणा नसेल, तर परत वळवा, डोकं उंच करा आणि डॉक्टरांना कळवा. श्वास मिनिटाला ३५ च्या वर गेले, मानेचे स्नायू ओढले जाऊ लागले किंवा पेशंट गोंधळला, तर मात्र १५ मिनिटंही थांबू नका.

उशी_महत्त्वाची
पेशंट उताणा होतो त्याचं कारण बहुतेकदा उशांत असतं. एक उशी छातीच्या वरच्या भागाखाली, एक ओटीपोटाखाली, म्हणजे पोट मोकळं राहतं आणि श्वासपटलाला (छाती आणि पोटामधला स्नायूचा पडदा) खाली सरकायला जागा मिळते. दोन उशा नडग्यांखाली, नाहीतर पायाची बोटं गादीत रुततात. तोंड ज्या बाजूला, त्या बाजूचा हात कोपरात वाकवून वर, दुसरा अंगालगत. वरचा हात खांद्यापासून ९० अंशांपेक्षा जास्त वर नको, खांद्याजवळच्या नसा ताणल्या जातात. कान दुमडलेला नाही ना, हे दर वेळी बोटाने चाचपून बघा. बाजू बदलली की हातही बदलायचे.

वेळेचं म्हणाल तर अर्धा ते दोन तास पालथं, मग उजवी कूस, मग टेकून बसणं, मग डावी कूस, असं फिरवत राहा. १६ तासांचा नियम व्हेंटिलेटरवरच्या पेशंटसाठी आहे, तो इथे लावून कुणाला बळजबरी करू नका. पालथं झेपतच नसेल तर कुशीवर ठेवा.

जेवणानंतर तासभर थांबा. मणक्याचं अस्थिर फ्रॅक्चर, पोटाची ताजी शस्त्रक्रिया किंवा सतत उलट्या असतील तर पालथं करू नका. गरोदर बाईला डाव्या कुशीवर ठेवा. वळवण्याआधी सलाईन आणि युरिनची नळी सैल सोडा, ईसीजीचे इलेक्ट्रोड पाठीवर लावा. घंटा हातात द्या. पीपीईमुळे आत पोहोचायला वेळ लागतो, म्हणून हे विसरायचं नाही.

श्वास_मोजा
आयसीयू_सिस्टरांच्या उत्तरात एक भर. सॅच्युरेशन ९५ असूनही पेशंट थकत असू शकतो, म्हणून श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. हाय-फ्लोवर (नाकातून जोरात ऑक्सिजन देणारं यंत्र) असेल तर रॉक्स हा निर्देशांक काढा: सॅच्युरेशन भागिले ऑक्सिजनचं प्रमाण (६० टक्के म्हणजे ०.६), त्याला श्वासांच्या संख्येने भागायचं. ९२ ÷ ०.६ ÷ ३० म्हणजे साधारण ५.१. सॅच्युरेशन तेच राहून श्वास ३६ झाले की ४.३. हाय-फ्लो सुरू केल्यावर २, ६ आणि १२ तासांना हा आकडा ४.८८ च्या खाली असेल तर व्हेंटिलेटरसाठी श्वासनलिकेत नळी घालावी लागण्याचा धोका जास्त. डॉक्टरांना तेव्हाच सांगा. साध्या मास्कवर ऑक्सिजनचं प्रमाण नक्की कळत नाही, तिथे श्वासांचा कल बघा आणि चार्टवर स्थिती, वेळ, फ्लो, सॅच्युरेशन, श्वास एकाच ओळीत लिहा.