उसाच्या कडेला शेळ्यांचा गोठा: पिंजरा मागावा की गोठाच बदलावा?

मळा_शिरूर: उसाला लागून गोठा, 12 शेळ्या. तीन फूट भिंत, वर पत्रा, मधली जागा उघडी. चार दिवस झाले, बांधावर बिबट्याचे ठसे दिसतायत. वनखात्याकडे पिंजरा मागू का?

गोठेवाला: दादा, आधी ती मधली जागा बंद करा. तीन फुटी भिंत बिबट्या सहज ओलांडतो. आत शिरला की शेळ्या सैरावैरा धावतात आणि तो एकीवर थांबत नाही, म्हणून एका रात्रीत चार-पाच जातात. भिंतीपासून पत्र्यापर्यंत दोन इंची जाळी लावा. नुसत्या तारेने बांधली तर कोपरा ढिला पडतो आणि पंजा तिथूनच आत येतो. लोखंडी अँगलला वेल्डिंग करून घ्या. पत्र्याखालची फट हमखास राहून जाते, तीही बुजवा. दाराला खाली-वर दोन कड्या हव्यात. खुंटे जाळीपासून अडीच फूट आत ठोका, कारण जाळीला टेकून बसलेल्या शेळीला बाहेरूनही पंजा लागतो. कुत्रंही रात्री आतच बांधा. वस्तीवर बिबट्या येतो तो बरेचदा कुत्र्यापायी.

जुन्नरकर: पिंजरा आपल्या मनाने लावता येत नाही, आणि नुसत्या ठशांवर तो मागूही नये. एक बिबट्या उचलला की मोकळ्या जागेत दुसरा येतो. जुन्नर भागात 2001 नंतर कितीतरी बिबटे पकडून दुसरीकडे सोडले, तरी माणसांवरचे हल्ले कमी न होता वाढले. माणसावर हल्ला झाला तर गोष्ट वेगळी, तेव्हा गावाने पिंजऱ्यासाठी हटून बसावंच. तोडणीत बछडे सापडले तर कृपा करून घरी नेऊ नका, फोटोसाठी हातात घेऊ नका. तेवढ्या पट्ट्यातली तोड थांबवा, वनखात्याच्या 1926 या नंबरवर फोन करा. वनखात्याची माणसं संध्याकाळी पिल्लं त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात, आई रात्रीतून घेऊन जाते. गर्दी हटली नाही तर ती जवळ येत नाही आणि मग खवळलेली मादी त्याच शिवारात फिरत राहते.

मळा_शिरूर: जाळीचं काम उद्याच सांगतो. तोवर एखादी शेळी गेलीच तर?

गोठेवाला: मढं हलवू नका, पुरू नका. 48 तासांच्या आत वनरक्षकाला कळवा, पंचनामा जागेवरच होऊ द्या. दाताच्या खुणा पुसल्या की भरपाई अडते. आणि रात्री पाण्याची पाळी असेल तर एकट्याने जाऊ नका, पाणी वळवायला दारं धरताना उसाकडे पाठ करून वाकून बसू नका. बसलेलं माणूस त्याला जनावराएवढंच दिसतं.