सासू-सासरे तीन महिने स्टुटगार्टला येताहेत, मध्येच मित्राचं कुटुंबही. मधल्या वारांचं काय करता तुम्ही?

बोब्लिंगनची_सून

नमस्कार मंडळी,

सासू-सासरे जूनमध्ये सांगलीहून येताहेत. दोघांचीही पहिलीच परदेशवारी. व्हिसा नव्वद दिवसांचा आहे आणि सासऱ्यांनी तो पुरेपूर वसूल करायचं ठरवलेलं दिसतंय, कारण परतीचं तिकीट अगदी काठावरचं काढलंय. नवऱ्याची नोकरी सिंडेलफिंगनला, माझं काम निम्मं घरून, लेक किंडरगार्टनमध्ये. म्हणजे सकाळी आठ ते संध्याकाळी पाच ते दोघं हॉलमध्ये आणि मी शेजारच्या खोलीत हेडफोन लावून.

सासरे साखर कारखान्यातून निवृत्त झालेत. सांगलीत पहाटे आमराईला चकरा मारतात आणि घरी येईपर्यंत चार ठिकाणी थांबून गप्पा होतात. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण त्यांना रिकामं बसवत नाही. दोघंही पक्के शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. त्यात जुलैमध्ये नवऱ्याचा कॉलेजातला मित्र बायको-मुलांसकट 'युरोप करतोय' आणि 'मधले चार-पाच दिवस तुमच्याकडेच' असं त्याने ग्रुपवर परस्पर जाहीरही करून टाकलंय. आमचं घर तीन खोल्यांचं, बाथरूम एक.

शनिवार-रविवारी कुठे न्यायचं याच्या याद्या भरपूर मिळतात. मला सोमवार ते शुक्रवारचं सांगा. आणि त्या मित्राचंही काहीतरी सांगा.

शनिवारचा_भटक्या

ताई, एक एक्सेल शीट करा. आमच्या आई-बाबांच्या वेळी मी प्रत्येक वीकेंड आधीच भरून टाकला होता: ऱ्हाइन धबधबा, टिटिझे, नॉयश्वानस्टाइन, म्युनिक, एक लाँग वीकेंड पॅरिस, एक स्वित्झर्लंड. शेंगेन व्हिसावर सगळं होतं, वेगळी कटकट नाही. मधले पाच दिवस त्यांना विश्रांती लागतेच, त्यामुळे प्रश्नच येत नाही. नॉयश्वानस्टाइनचं तिकीट मात्र आधी काढा, आयत्या वेळी मिळेलच असं नाही.

वरच्या_मजल्यावरची

भटक्याभाऊ, तुमच्या एक्सेलमधून बाहेर पडलेले पाहुणे आमच्याकडे येऊन झोपतात हो! गुडघेदुखीच्या बाईला नॉयश्वानस्टाइनचा चढ चढवायचा आणि वर 'आई, मजा आली ना?' विचारायचं. काय बोलणार ती माउली?

बोब्लिंगनच्या सूनबाई, मी वीसेक वर्षं स्टुटगार्टच्या फाइहिंगनला आहे. सासर, माहेर, मामेसासरे, नणंदेची मुलं, सगळ्यांचा मुक्काम आमच्याकडे होऊन गेलाय. एकच सांगते. त्यांना घरातलं एक खरं काम, एक किल्ली आणि एकट्याने जाता येईल असा एक रस्ता द्या. पाहुण्यासारखं बसवून ठेवलंत तर तिसऱ्या आठवड्यात दोघंही सोफ्यावर मराठी मालिका लावून बसतील आणि तुम्हाला मीटिंगमध्ये अपराधी वाटत राहील.

आमच्या सासऱ्यांना मी बाटल्या परत करायचं काम दिलं होतं. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीला पंचवीस सेंट, बियरच्या काचेच्या बाटलीला आठ सेंट फांड, म्हणजे बाटली परत केली की मिळणारी अनामत, असते, तुम्हाला माहीतच आहे. पहिल्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेले. दुकानातल्या मशीनमध्ये बाटली आडवी, बूड आधी, लेबल चेपलेलं नको, हिरवं बटण दाबलं की चिठ्ठी येते आणि ती चिठ्ठी काउंटरवर द्यायची. एवढंच. दुसऱ्या दिवसापासून गडी एकटा! आधी घरात प्रत्येक बाटलीवरची फांडची खूण चष्मा वर करून तपासायची. वाइनच्या बाटलीला फांड नाही हे कळल्यावर त्यांना झालेलं दुःख मी विसरणार नाही. मग बाकावरच्या बाटल्या उचलायला लागले, तिथे मात्र नवऱ्याने हात जोडले. त्या मशीनपाशीच त्यांना एक जर्मन आजोबा भेटले. एकाला मराठी, दुसऱ्याला इथली श्वेबिश बोली, पण अर्धा अर्धा तास गप्पा चालायच्या. कशावर, ते देवालाच ठाऊक. तुमचे सासरे चार ठिकाणी थांबून बोलणारे आहेत ना, मग जमलंच समजा. फक्त 'ग्रुस गॉट' (इथला नमस्कार) शिकवून ठेवा. रस्त्यात कुणी हे म्हटल्यावर तोंड फिरवून गेलं की इथल्या म्हाताऱ्यांना वाईट वाटतं.

सासूबाईंना स्वयंपाकघर द्या आणि स्वतः बाहेर या. हे लिहायला सोपं आहे, मला माहितीय. पण सुरी कुठे, डबा कुठे असं आपण पाठीमागे उभं राहून सांगत राहिलो तर ते काम त्यांचं होत नाही. क्वार्क दाखवा, 40 टक्केवाला. आमच्या सासूबाईंनी डबा उघडला, बोटाने चाखला आणि म्हणाल्या, 'अगं, हा तर तयार चक्काच आहे!' रात्रभर पंचा टांगायची कटकट नाही. क्वार्क फार ओला वाटला तर तासभर गाळणीत ठेवायचा, मग साखर, वेलची, केशर. त्या दिवसापासून आमच्या घरी आणि समोरच्या जर्मन बाईंकडेही श्रीखंड पोचायला लागलं. नवलकोल इथे ढिगाने मिळतो, तोही दाखवा. आपल्याकडे पाल्यासकट करतात, इथे पाला टाकून देतात. बाजारात बाई पाला मोडायला लागली की सासूबाई 'नाइन, नाइन' (नको, नको) म्हणून ओरडायच्या. एवढं जर्मन पुरलं त्यांना.

पोळ्यांसाठी भारतीय दुकानातून कणीक आणा, ज्वारीचं पीठही मिळतं तिथे. फोडणी घालताना खिडकी नुसती कलती नको, सताड उघडायला सांगा. रविवारी दुपारी मिक्सर शक्यतो नको. काचेच्या बाटल्या कंटेनरमध्ये टाकायला तर रविवारी अजिबात पाठवू नका, त्यावरून चिठ्ठ्या येतात. केरवोखंची, म्हणजे जिना झाडायच्या आठवड्याच्या पाळीची, पाटी दाराला लागली की त्यांना आधीच समजावून सांगा. आमच्या सासूबाईंना वाटलं, आपण जिना घाण केला म्हणून कुणीतरी तक्रार अडकवलीय. झाडायची आपली पाळी आहे म्हटल्यावर पदर खोचून पुढे झाल्या. मीच नको म्हटलं, गुडघे.

बाथरूमचं पहिल्या संध्याकाळीच सांगा, लाजू नका. टबाच्या बाहेर जमिनीला पाणी जायला मोरी नसते, बाहेर पाणी सांडलं की खालच्यांच्या छताला डाग. बादली आणि तांब्या टबाच्या आत ठेवा, खाली रबरी चटई घाला आणि टबात चढायला एक पायरी आणा. माणसं शॉवरला तयार होतात, पण सुखाची आंघोळ तांब्यानेच होते.

आता तिकीट. डॉइचलांड-टिकीट, म्हणजे देशभरच्या बस-लोकलचा महिन्याचा पास, 2023 मध्ये 49 युरोला सुरू झालं, 2025 मध्ये 58 झालं आणि 2026 पासून 63 आहे. दोघांचं काढणं परवडतं की नाही हा हिशेब करत बसू नका. खिशात तिकीट असलं की माणूस उगीचच बसमध्ये बसून शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन येतो, तेच तर आपल्याला हवंय. फक्त ते दरमहा आपोआप चालू राहतं, शेवटच्या महिन्याच्या दहा तारखेआत बंद करा. आणि आयसीईत, म्हणजे लांब पल्ल्याच्या वेगवान गाडीत, चालत नाही हे त्यांना पाठ करायला लावा.

एकट्याने किंवा तुमच्या अर्ध्या सुट्टीत करता येतील अशा गोष्टी: स्टुटगार्टात मारिएनप्लाट्झवरून डेगरलोखला जाणारी त्साके नावाची छोटी गाडी. दात्यांच्या रुळावरून चढते, 1884 पासून चालू आहे आणि नेहमीच्या तिकिटातच येते. चढ गाडी चढते, गुडघे नाही. तिथून पुढे टीव्ही टॉवर, 1956 चा. काँक्रीटचा टीव्ही टॉवर जगात पहिल्यांदा इथेच उभा राहिला, वर जायला लिफ्ट. मर्सिडीजचं म्युझियम सोमवारी बंद असतं. तिथेही लिफ्टने थेट वर जायचं आणि 1886 पासून सुरुवात करून उतारावरून गोल गोल खाली यायचं. साखर कारखान्यातला माणूस आहे, इंजिनं सोडून हलणार नाही, तेव्हा सासूबाईंसाठी बसायची जागा आधी हेरा. आणि एक दिवस काल्वला न्या. जर्मन लेखक हेर्मान हेसचं गाव, पुलावर त्याचा पुतळा उभा आहे. त्याची आई केरळात जन्मलेली आणि आजोबा गुंडर्ट म्हणजे मल्याळम-इंग्रजी कोश रचणारे मिशनरी, तो कोश 1872 चा. आमच्या मामेसासऱ्यांना राजवाडे एकही आठवत नाहीत, पण हे गाव आठवतं. हो, आणि स्टुटगार्ट नि मुंबई 1968 पासून भगिनी-शहरं आहेत, हे सांगून टाका. सासरे पुढे सगळ्यांना तेच सांगतील.

औषधांचं हसण्यावारी नेऊ नका. व्हिसाला लागतो तो 30,000 युरोचा विमा अचानक आलेल्या आजारपणासाठी असतो. बीपी-शुगर आधीपासून असेल तर त्यातलं काय धरलंय ते पॉलिसीचा कागद उघडून वाचा, एजंटच्या तोंडावर जाऊ नका. गोळ्या सगळ्या दिवसांच्या आणि वर थोड्या, बरोबर औषधाचं मूळ नाव लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी, इंग्रजीत. रात्री-अपरात्री डॉक्टर हवा असेल पण जिवावरचं नसेल तर 116117, जिवावरचं असेल तर 112. दोन्ही फ्रिजवर मोठ्या अक्षरात.

सामानात भडंग, हळद, बेदाणे बिनधास्त येऊ देत. पेढे आणि तूप नाही, दूध-मांसाचं काहीच चालत नाही. आंब्यालाही प्रमाणपत्र लागतं. सासूबाई 'दोनच आणते गं' म्हणतील, तरीही नाही.

मिरज_जंक्शन

मी दुसऱ्या बाजूचा, म्हणजे पाहुणा. लुडविग्सबुर्गला लेकीकडे राहून आलोय. वयाने मोठा आहे म्हणून स्पष्ट लिहितो, राग मानू नका.

वरच्या मजल्यावरच्या ताईंचं बरोबर आहे, पण एक राहिलं. सासऱ्यांच्या पाकिटात पहिल्याच दिवशी थोडे युरो ठेवा, नोटा आणि नाणी दोन्ही, आणि त्याचा हिशेब कधी विचारू नका. जन्मभर स्वतःच्या पैशाने चहा प्यायलेला माणूस तिथे कॉफीसाठी मुलाकडे हात पसरत नाही. तो कॉफी प्यायची नाही म्हणतो, आणि तुम्हाला वाटतं बाबांना बाहेरचं आवडत नाही. माझ्या जावयाने हे न सांगता केलं. सकाळी कोटाच्या खिशात हात घातला तर पाकीट जड!

माझी नोकरी रेल्वेत गेली. मी रोज स्टेशनवर जाऊन बसायचो. एस-बान, म्हणजे तिथली लोकल, कधी आखूड येते, कधी लांब, आणि आखूड असली की पुढे उभी असलेली माणसं फलाटावरून पळत सुटतात. ती कुठे थांबणार हे फलकावर आधीच लिहिलेलं असतं. मला ते समजायला लागल्यावर मी लोकांना हातानेच खूण करायचो, 'मागे, मागे'. एकदोघं ओळखायलाही लागले होते. लेकीला वाटायचं, बाबा कंटाळून स्टेशनवर जातात.

आणि रोज संध्याकाळी 'बोअर नाही ना झालं?' हे विचारू नका. काय उत्तर द्यायचं? झालं असलं तरी नाहीच म्हणतो आम्ही. त्यापेक्षा तुमचा दिवस कसा गेला ते सांगा, साहेब काय म्हणाला ते सांगा. तुमचं ऑफिस आतून दाखवता आलं तर दाखवा. ते बघायला आम्ही आलेलो असतो, बर्फ काय मनालीलाही आहे.

जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. जेवणं आपल्या वेळेला उरका, नाहीतर अंधाराची वाट बघत आम्ही उपाशी.

बोब्लिंगनची_सून

काका, राग कसला! पाकिटाचं नवऱ्याला वाचून दाखवलं, तो गप्पच झाला. बाटल्यांचं काम नक्की. आमच्या तळघरात पोतंभर साठल्यात, पहिला आठवडा तसाच निघेल.

आता त्या मित्राचं सांगा ना कुणीतरी. चार माणसं, पाच दिवस, वर सासू-सासरे. नवरा म्हणतो, 'त्याला कसं सांगायचं?'

वरच्या_मजल्यावरची

नवऱ्याला जमत नसेल तर तुम्ही सांगा, मित्राच्या बायकोला थेट. बायकांना एक बाथरूम आणि आठ-नऊ माणसं हे गणित लगेच कळतं.

पाच दिवसांना 'नाही' म्हणू नका, दोन रात्रींना 'हो' म्हणा. 'आई-बाबा असल्यामुळे जागा एवढीच आहे, शुक्रवार-शनिवार या, रविवारी सकाळी तुम्हाला पॅरिसच्या गाडीत बसवून देतो.' स्टुटगार्टहून पॅरिसला थेट गाडी सव्वातीन तासांत जाते, त्यांना ते माहीतही नसेल. शिवाय रविवारी दुकानं बंद, म्हणजे शनिवारी सहा मोठ्या माणसांचं दूध-ब्रेड आणून ठेवावं लागणार, तेही सुटतं. आणखी राहायचंच असेल तर एस-बानच्या एखाद्या स्टेशनाजवळचं हॉटेल शोधून लिंक पाठवा. नुसतं 'हॉटेल बघा' म्हटलं की लागतं, लिंक पाठवली की मदत वाटते.

सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण आपल्याकडे, दुपारचं त्यांचं ते, हेही आधीच लिहा. त्यांना फिरवायला तुम्ही जाऊ नका. सासऱ्यांना पाठवा! तोपर्यंत त्यांना त्साके, टीव्ही टॉवर, बस सगळं पाठ झालेलं असेल. पाहुण्याला पाहुणे फिरवायला मिळाले की त्याचा रुबाब बघा.

बोब्लिंगनची_सून

वहिनींना मेसेज टाकला, दोन रात्री आणि पॅरिसची गाडी. दहा मिनिटांत उत्तर: 'बरं झालं बाई तूच म्हणालीस, मी यांना कधीपासून सांगतेय.' पहिल्या रात्री पिठलं-भात मागितलाय. तेवढं जमेल.