मदत हवी आहे: भिगवणला रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे फोटो

मंडळी, उजनी धरणाच्या बॅकवॉटरला, भिगवणजवळच्या कुंभारगावला परत जायचंय, त्याआधी जाणकारांनी जरा सांगा. माझ्याकडे क्रॉप सेन्सर (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा आणि ७०-३०० मिमी झूम लेन्स आहे. चित्रबलाक, राखी बगळे बसलेले असले की फोटो मस्त येतात, पण रोहितांचा थवा उडाला की सगळं बिघडतं, अंगाचा पांढरा भाग पार जळून जातो, पिसांचं टेक्स्चरच राहत नाही आणि पंखाखालचा तो गडद गुलाबी, काळ्या कडेचा रंग, ज्याच्यासाठी एवढ्या पहाटे जायचं, तोच फिका पडतो. शटर स्पीड १/१००० सेकंद ठेवतो, आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ऑटो. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन मायनसला न्यावं का, म्हणजे फोटो मुद्दाम थोडा गडद घ्यावा का, की सगळं सेटिंग सरळ मॅन्युअल करावं? होडी हलत असताना लेन्सचं स्टॅबिलायझेशन चालू ठेवता का बंद?

आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, फोटोसाठी थवा मुद्दाम उडवायचा नाहीये, ते बिचारे चिखलात मान खाली घालून खात असतात. त्यामुळे लांबूनच होडी थांबवणारा, घाई न करणारा नावाडी कुणाला माहीत असेल तर प्लीज मेसेज करा. जानेवारीत जावं की फेब्रुवारीत?