सहकारिणीशी सनबेडविषयी बोलताना
स्पेनच्या सुट्टीआधी ‘पाया’ म्हणून सनबेडवर (अतिनील किरणांच्या दिव्यांच्या पलंगावर) त्वचा तांबूस करून घेणाऱ्या इंग्रज सहकारिणीला कसे सांगावे, असे आपण विचारले आहे. सुरुवात रंगापासून करू नये. गोरेपणाच्या क्रीमांवर वाढलेल्या आपल्याला तो अधिकार नाही. त्याऐवजी, हा रंग म्हणजे अतिनील किरणांनी पेशींतील डीएनएला केलेल्या इजेवर त्वचेने दिलेली प्रतिक्रिया असून त्यातून मिळणारे संरक्षण जेमतेम एसपीएफ (सनस्क्रीनच्या संरक्षणाचे माप) ३ ते ४ एवढेच असते, हे एकांतात आणि एकदाच सांगावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ मध्ये सनबेडला तंबाखूच्याच, म्हणजे निश्चित कर्करोगकारक गटात टाकले आहे. तिच्या एखाद्या तिळाचा आकार वा रंग बदलताना दिसला, तर मात्र भीड न बाळगता डॉक्टरांकडे जाण्यास सुचवावे.